उठलेल्या गावांचे गवत

भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथ तीर्थाला येणारी आपली कुटुंबे हल्ली दर्शन-पूजा आटोपल्यावर एक दिवस ताडोबासाठी राखून ठेवतात. पहाटेच्या गारव्यात जिप्सी जंगलात शिरते. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू इतके दाट असतात की दहा पावलांपलीकडचे दिसू नये. मग एकाएकी झाडी मागे सरते आणि विस्तीर्ण गवताळ मैदान समोर येते. चितळांचे कळप निर्धास्त चरत असतात, कडेला रानगवे उभे असतात. वाघही दिसतो तो बहुधा अशाच ठिकाणी. सगळे कॅमेरे सरसावतात. पण घनदाट अरण्यात हे सपाट, मोकळे मैदान आले कोठून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

जामणी आणि नवेगाव येथील अशी मैदाने ही निसर्गाची लहर नव्हे. ती काल-परवापर्यंत शेते होती.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे. पुढे अंधारी अभयारण्यासह सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. या क्षेत्राच्या पोटात कोळसा, बोटेझरी, पळसगाव, जामणी, नवेगाव, रानतळोधी अशी गावे नांदत होती. वस्ती प्रामुख्याने गोंड आणि माना समाजाची. ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले तो तारू हा याच लोकांचा देव. वाघाशी झुंजताना तो धारातीर्थी पडला, असे सांगतात. तलावाकाठी त्याचे ठाणे आजही आहे.

२००७ साली बोटेझरी आणि कोळसा गावातील काही कुटुंबे मूलजवळ भगवानपूर येथे गेली. २०१० नंतरच्या काही वर्षांत नवेगाव आणि जामणी उठले. गाव सोडण्याची कारणे होतीच. उभे पीक रानडुकरे आणि चितळ फस्त करीत, गोठ्यातील जनावर वाघ नेई, दवाखाना आणि शाळा दूर होत्या, आणि संरक्षित क्षेत्राचे निर्बंध वाढत चालले होते. कायद्याने असे स्थलांतर ऐच्छिक असावे लागते आणि ग्रामसभेची संमतीही लागते. केंद्राच्या २००८ च्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये ठरले. २०२१ मध्ये ते पंधरा लाख झाले. अठरा वर्षांवरील मुलगा वेगळे कुटुंब म्हणून धरला जातो. रक्कम रोख घ्यावी, किंवा तिच्या बदल्यात शेतजमीन, घर आणि सोयी घ्याव्यात, असे दोन मार्ग आहेत.

आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माझ्यासारख्याला हे आकडे समजतात आणि त्यांतून काय निसटते तेही समजते. मोहफुलांचा हंगाम, तेंदूपानांची मजुरी, दाराशी मिळणारे सरपण, ओढ्यातील मासळी, पूर्वजांची ठाणी यांचे मूल्य कोणत्याच रकान्यात भरता येत नाही. रोख रक्कम दोन लग्नांत आणि एका मोटारसायकलीत संपू शकते. जंगल मात्र दरवर्षी देत राहते. नव्या घरी पक्का रस्ता आणि वीज लाभते, पण प्रत्येक वस्तूसाठी हातात पैसा असावा लागतो.

आता मागे राहिलेल्या जमिनीकडे वळू. माणूस निघून गेला की जमीन आपोआप वन्यजीवांची होते, हा मोठा गैरसमज आहे. नांगर थांबला की पडीक शेतात प्रथम शिरतात ती तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत. चितळ त्यांना तोंड लावीत नाही. शेतातील मूळ गवताचे बियाणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीने केव्हाच संपलेले असते. म्हणून पावसाळ्यात, फुलोरा येण्यापूर्वी, ही झाडे मुळासकट उपटावी लागतात. एकदा नव्हे, ओळीने काही वर्षे. मग मारवेल, पवन्या, कुसळी यांसारख्या देशी गवतांचे बी पेरायचे किंवा ठोंब लावायचे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढायच्या आणि पाणवठ्यात सौरपंपाने पाणी भरायचे. गवत वाढले की चितळ-सांबर येतात आणि त्यांच्यामागून वाघ येतो. आपण ज्याला निसर्ग म्हणून पाहतो, तो मजुरांच्या हातांनी राखलेला असतो.

उपटणे हाही आरंभच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. गृहस्थाला आरंभ पूर्णपणे टाळता येत नाही, यतना मात्र पाळता येते. आणि कशासाठी, किती, याचा विवेक हीच यतना.

गाव उठल्यावाचून रान राखताच येत नाही, असेही नव्हे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तेथे निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभा घेते आणि बांबूची तोडही तीच ठरविते. एक गाव बाहेर पडून जंगलाला जागा देते, दुसरे आत राहून त्याची राखण करते. दोन्हींत भार उचलतो तो वनवासीच.

जामणी-नवेगावच्या लोकांचा ‘त्याग’ म्हणून आपण गौरव करतो, तेव्हा सावध राहावे. आपल्याकडे त्याग स्वेच्छेने आणि पुरेसे असताना होतो. यांनी सोडले ते अडचणीत आणि मोबदल्याच्या वायद्यावर. गौरव केला की देणे फिटल्यासारखे वाटते. पण वहीत ज्याच्या नावे बाकी आहे, ती स्तुतीने जमा होत नाही. वाघाच्या दर्शनाचा आनंद आपल्या खाती जमा झाला असेल, तर नव्या वसाहतीतील शाळा, पाणी आणि रोजगार यांची विचारपूस करणे हे आपले कर्तव्य आहे. आपल्या ट्रस्टांनी शिष्यवृत्त्या देताना या वसाहतींतील मुलांची नावे आवर्जून घ्यावीत.

आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. अनेक घराण्यांकडे गावाकडची पडीक शेते आहेत, पांजरपोळांकडे मोठाल्या जागा आहेत. त्यांवर आज गाजरगवत माजले आहे. चाऱ्यासाठी देणगी देणे ही जीवदया खरीच. परंतु त्या जमिनीचा एक तुकडा देशी गवताला देऊन चार पावसाळे नेटाने राखला, तर गुरांना चारा मिळेल, आणि ससा, तितर, मुंगूस यांना आसराही. जमीन नावावर असणे हा परिग्रह. तिच्यावर इतर जिवांचाही वाटा मानणे, ही त्याची मर्यादा.