टपावरचे कॅरिअर

गावोगाव हिंडताना माझ्या जुन्या गाडीचे कॅरिअर पाहून "साहेब, कितीला घेतले?" असे पुष्कळ जण विचारतात. ते विकतचे नाही. गोठ्याच्या कामातून उरलेल्या एक इंची चौकोनी पाइपातून गावच्या वेल्डरने ते केले.

टपाच्या रुंदीचे दोन आडवे पाइप घ्या. जुन्या गाडीला दारांवर पन्हळ असते. चार पाय त्या पन्हळीत बसवून पट्टी-बोल्टने आवळा. पायांखाली जुन्या ट्यूबचे रबर घाला. आडव्या पाइपांवर दोन उभे जोडून रेडऑक्साइड लावा. पन्हळ नसलेल्या नव्या गाडीला मात्र हा खटाटोप नको. टपाला भोक पाडले की पाणी शिरते, पत्रा गंजतो. तिथे त्याच गाडीसाठी बनवलेले कॅरिअर घ्यावे.

आता महत्त्वाचे. कॅरिअर कितीही मजबूत केले तरी टप तोच राहतो. लहान गाडीच्या टपाची मर्यादा बहुधा ५० किलोच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि कॅरिअरचे वजनही त्यातच धरा. म्हणजे कांद्याची एक भरलेली गोणीही जास्तच झाली! कडब्याने उंच रचलेली बैलगाडी बांधावर कशी कलंडते, हे आपण जाणता. वळणावर मोटारीचेही तेच होते.

म्हणून वर ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे, रिकामे क्रेट, रोपांचे रिकामे ट्रे एवढेच बांधा. थोडे अंतर गेल्यावर थांबून दोर आणि बोल्ट पुन्हा आवळा. गोण्या ट्रॉलीतून जाऊ द्या. टपाखाली आपलीच लेकरे बसलेली असतात.