टर्बो गेला म्हणे!

एक लाख अठरा हजार रुपये. आकडा कॉम्प्युटरवर छापलेला, खाली सही-शिक्का, आणि 'रिमार्क' या रकान्यात तीनच शब्द : टर्बो रिप्लेसमेंट आवश्यक. हे कोटेशन हातात देताना सर्व्हिस अॅडव्हायझरनं मला पाणीही विचारलं होतं. त्या पाण्याचा मला आज जास्त राग येतो.

गाडी ऑक्टाव्हिया आरएस, 2005 ची, अर्थात सेकंडहँड घेतलेली. 1.8 लिटरचं पेट्रोल टर्बो इंजिन, चार सिलिंडरांना मिळून वीस व्हॉल्व्ह, दीडशे अश्वशक्ती. जुळणी आमच्याच शहराजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात झालेली, म्हणजे एका अर्थानं गाववालीच. घरच्यांच्या मते ती माझी हौस आहे आणि शेजाऱ्यांच्या मते माझं डोकं ठिकाणावर नाही. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत पुनर्नोंदणी, वर हरित कर, हे सगळं निमूटपणे भरून मी ती ठेवली आहे. असो.

चाळीसगावहून परत येताना औट्रम घाटात ती ओढेना. अडीच हजार आरपीएमच्या वर पाय दाबला की बॉनेटखालून 'फुस्स' असा आवाज, मागे काळा धूर, आणि पिकअप शून्य. जी गाडी हा घाट तिसऱ्या गियरमध्ये हसत चढायची, तिला एका एसटीनं भोंगा वाजवून मागे टाकलं. कन्नडला येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काय म्हणायचं असतं ते मला कळतं.

शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ आला. त्यात एका मुलानं टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढलेला, आत दोन बोटं घातलेली, आणि तो मधला दांडा आडवा हलवून दाखवतोय. मागून आवाज : "बघा सर, प्ले आलाय."

इथे मला जरा थांबावंच लागेल, कारण सगळी मेख या दोन बोटांत आहे. टर्बो म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका चाकाला फिरवतो, त्याबरोबर दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं 1905 सालीच याचं पेटंट मागितलं होतं; कल्पना तेव्हापासून तीच आहे. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. माझ्या गाडीतल्यासारख्या टर्बोत तो बॉल बेअरिंगवर बसलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन बंद म्हणजे तेलाचा दाब नाही, आणि दाब नाही म्हणजे दांडा आडवा किंचित हलणारच. तो तसा हलावा अशीच त्याची बांधणी असते. तो पुढे-मागे हलला, किंवा पात्यांची टोकं आतल्या भिंतीला घासलेली दिसली, तर मात्र गोष्ट वेगळी. व्हिडिओत त्या मुलानं दांडा पुढे-मागे ओढून पाहिलाच नव्हता. पाती माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. मी तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून, पुन्हापुन्हा पाहिला.

शिवाय टर्बोचं सील गेलं की तेल जळतं आणि धूर निळसर येतो, डिपस्टिकवरची पातळी उतरते. माझ्या गाडीचा धूर काळा होता आणि तेल जिथल्या तिथे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ही हवा जाते कुठे, एवढाच प्रश्न होता. एअर फिल्टरच्या पुढेच एक सेन्सर किती हवा आत गेली ते मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा टर्बोनंतर वाटेतच कुठे निसटली, तर पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाचं पडतं. म्हणून काळा धूर, म्हणून अॅव्हरेज पडलेलं, म्हणून 'फुस्स'. हे मी काउंटरवर उभा राहून अॅडव्हायझरला समजावून सांगितलं आणि विचारलं, "लीक टेस्ट केली का?"

तो म्हणाला, "सर, सिस्टममध्ये त्याचा जॉब कोडच नाहीये."

म्हणजे काय? म्हणजे टर्बो बदलायला कोड आहे, त्याचे लेबरचे तास ठरलेले आहेत, पार्टवर मार्जिन आहे. पण साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायला कोड नाही, म्हणून ते काम जगात अस्तित्वातच नाही. स्कॅनरवर एरर आला होता पी-1297. त्याचा अर्थच असा की टर्बो आणि थ्रॉटलच्या मधल्या पायपिंगमध्ये दाब गळतोय. गाडी स्वतः सांगत होती! तो प्रिंटआउट त्यांनीच मला दिलेल्या फाइलमध्ये होता, कोटेशनच्या खाली स्टेपल केलेला. मी त्यावर बोट ठेवलं. अॅडव्हायझर म्हणाला, "एरर जनरल असतो सर, मेन इश्यू टर्बोच." चेकिंगचे अडीच हजार भरून मी गाडी रांगत घरी आणली.

मला माहीत आहे, त्या अॅडव्हायझर पोराची बाजूही आहे. पायपाचे साडेतीन हजार घेऊन गाडी दिली आणि महिन्याभरात दुसरं काही निघालं, तर काउंटरवर जाऊन आवाज चढवणारा मीच असतो. जुन्या गाडीवाला गिऱ्हाईक कटकटीचा असतो, हे मी आरशात पाहून सांगू शकतो. पण तेवढ्यासाठी चांगला टर्बो भंगारात काढायचा?

घरी पार्किंगमध्ये आधी डायव्हर्टर व्हॉल्व्ह काढला. पाय उचलल्यावर जादा हवा परत वळवणारी ही मुठीएवढी वस्तू. तिचा पडदा फाटला तरी हाच एरर येतो. तपासायला हत्यार लागत नाही. आतला पिस्टन बोटानं दाबायचा, वरच्या बारीक नळीचं तोंड अंगठ्यानं बंद करायचं आणि पिस्टन सोडायचा. तो जागच्या जागी थांबला तर पडदा शाबूत. थांबला.

मग खरी लीक टेस्ट. हार्डवेअरच्या दुकानातून 75 मिलिमीटरची पीव्हीसी कॅप आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि ती हवामापक सेन्सरच्या पुढच्या पायपात क्लिपनं आवळली. इंजिनाच्या ब्रीदरची नळी चिमट्यानं बंद केली. ही नळी विसरू नका, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि चांगली ऑइल सील उगाच ढिली पडतात. मुलानं पायपंप मारायला सुरुवात केली. काटा हलेना. तो घामाघूम झाला आणि म्हणाला, "बाबा, हवा जातेय कुठे?" मोठी गळती असली की पायपंप पुरत नाही, सतत वाहती हवा लागते.

म्हणून गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे. कॉम्प्रेसरची नळी जोडली, सात पीएसआयच्या वर जाऊ द्यायचं नाही असं बजावलं. चाचांनी बॉनेटमध्ये डोकंसुद्धा घातलं नाही. ते पुढच्या उजव्या चाकाजवळ उकिडवे बसले, कान लावला आणि म्हणाले, "भाईसाब, हवा तो यहाँ से जा रही है." फेंडरच्या आत इंटरकूलर असतो, दाबून गरम झालेली हवा थंड करणारा. त्याला जोडणाऱ्या रबरी पायपाच्या खालच्या अंगाला, जिथे वरून कुणालाच दिसणार नाही, तिथे मी स्प्रेनं साबणाचं पाणी मारलं आणि फेसाचा एक फुगा फुगत फुगत लिंबाएवढा झाला. चाचांनी ट्यूबचा नेहमीचा पंचनामा करावा तसं मान हलवून विचारलं, "ये टर्बो है?" मी म्हटलं, नाही चाचा, हा पाइप आहे. त्यांनी हवेचे वीस रुपये घेतले.

चाक काढून, जॅकशेजारी स्टँड लावून (नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली कधीही जाऊ नये), स्टार पान्यानं फेंडरचं प्लॅस्टिक सोडवलं आणि पाइप हातात आला. तेलानं भिजून रबर फुगलेलं, मऊ पडलेलं, आणि त्यात बोटभर लांब चीर. वीस वर्षांचं रबर होतं, कंपनीला दोष द्यायचं काही कारण नाही. पुण्याहून सिलिकॉनचा पाइप मागवला. आत हात घातलाच आहे म्हणून ब्रीदरच्या नळ्याही बदलल्या; त्यातली एक तर धरल्याबरोबर खारीसारखी चुरली.

मग दौलताबादच्या रिकाम्या रस्त्यावर मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रुप 115 मध्ये ईसीयूनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी-शेजारी दिसतात. आधी मागणी दीड हजार मिलिबारची असायची आणि पुरवठा बाराशेच्याही आत. आता दोन्ही आकडे हातात हात घालून वर गेले. मुलगा ओरडला, मी ओरडलो. ज्याला 'मेन इश्यू' म्हटलं होतं तोच टर्बो, त्याच दांड्यावर, शिटी वाजवत होता.

ट्यूनिंगबद्दल मित्र विचारतात. ईसीयूचा रीमॅप केला की तीस-चाळीस अश्वशक्ती सहज वाढतात. मी सगळ्यांना 'नको' सांगतो. परदेशातले मॅप बऱ्याचदा 98 ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेले असतात, तसं पेट्रोल आपल्या पंपावर सहज मिळत नाही, आणि कमी ऑक्टेनवर इंजिन ठोकायला लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच; कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. गळती बंद करणं, प्लग-कॉइल धड ठेवणं, पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला सिंथेटिक तेल बदलणं आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच बंद करणं, जुन्या गाडीला एवढंच ट्यूनिंग पुरे. हे मी अगदी मनापासून बोलतो. आणि रात्री सगळे झोपले की रीमॅपवाल्यांचे पॉवरचे ग्राफ उघडून बसतो. बायकोला हे माहीत आहे.

सगळं घरीच करावं असंही मी म्हणणार नाही. टायमिंग बेल्टला मी हात लावत नाही. तो बसवताना चुकला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. ते काम मिस्त्रीचं, आणि चांगला मिस्त्री मागेल ते पैसे देऊन टिकवावा.

तुमच्याकडे जुनी टर्बो गाडी असेल आणि कुणी 'टर्बो गेला' म्हणालं, तर सही करू नका. आधी एररचा प्रिंटआउट मागा, दांडा पुढे-मागे हलवून दाखवायला सांगा आणि लीक टेस्ट तुमच्यासमोर करून घ्या. तिचा कोड नाही म्हणाले, तर गाडी उचला आणि जवळच्या पंक्चरवाल्याकडे न्या.