लेकीच्या खोलीतली ओल

आमच्या ठाण्यातल्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस थेट आदळतो. त्याच भिंतीला लागून माझ्या चार वर्षांच्या लेकीची खोली आहे. जुलैत तिचा रात्रीचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी छाती तपासता तपासता विचारलं, ‘घरात कुठे ओल आहे का?’ घरी येऊन तिचं कपाट पुढे ओढलं, तर मागे रंगाचे पोपडे, कुबट वास आणि काळपट हिरवी बुरशी.

बुरशीचे बीजाणू हवेत मिसळून श्वासात जातात. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना त्यांचा जास्त त्रास होतो. म्हणून आधी लेकीचं अंथरूण आजीच्या खोलीत हलवलं. सासूबाई धुरी द्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, ‘आई, तिला धुराने आणखी खोकला येईल.’ त्यांनी लगेच ऐकलं. कपाटातल्या डांबरगोळ्याही काढल्या. त्यातलं नॅफ्थलीन लहान मुलांना घातक ठरू शकतं.

रंगारी म्हणाला, ‘ताई, पुट्टी मारून रंग देतो, काही दिसणार नाही.’ पण दिसणं बंद झालं म्हणून पाणी झिरपायचं थांबत नाही, आणि पाणी आहे तोवर बुरशी परत येणारच. खिडकीच्या वर, बाहेरच्या गिलाव्याला भेग होती. पावसाच्या पाण्याची अशी गळती दुरुस्त करणं हे गृहनिर्माण संस्थेचं काम असतं; आदर्श उपविधींत तशी तरतूद आहे. सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. उघडीप मिळताच भेग तात्पुरती बुजवली गेली. पक्कं वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर झालं.

डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान होता, म्हणून तो आम्हीच साफ केला. त्याहून मोठा असता, तर जाणकार माणूस बोलावला असता. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल. खोलीचं दार बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, खिडकी उघडी, पंखा बंद. भिंत आधी साबणाच्या पाण्याने भिजवली आणि मगच घासली. कोरडी घासली की बीजाणू घरभर उडतात. पोपडे आणि वापरलेली फडकी पिशवीत घट्ट बांधून टाकली. ब्लीच वापरलंच नाही. कुणी वापरलंच, तर ते संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. कापसाची गादी आतपर्यंत ओलसर झाली होती, ती टाकून दिली. कापडी खेळणी गरम पाण्यात धुऊन खडखडीत वाळवली.

आता त्या खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आहे. आकडा ६० टक्क्यांच्या वर गेला की डीह्युमिडिफायर लावतो. कपाट भिंतीपासून वीतभर लांब असतं, ओले कपडे तिथे वाळत घालत नाही, आणि मुसळधार पावसात खिडकी बंद ठेवतो, कारण बाहेरची हवा आतल्याहून दमट असते.

लेकीचा खोकला बराच उतरला. डॉक्टरांचं औषध सोबत चालूच होतं. पण पश्चिमेच्या भिंतीमागे इतरही घरांत मुलं झोपतात. म्हणून दर मे महिन्यात ती भिंत बाहेरून तपासून घ्यावी, असा ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडला. तो मंजूर झाला. ज्यांच्या सोसायटीत असा ठराव नाही, त्यांनी तो मांडावा. पाऊस सुरू झाल्यावर भिंत वाळवता येत नाही. तिची काळजी उन्हाळ्यातच घ्यावी लागते.