दिल, दमछाक, देणगी

एकवीस किलोमीटर पळणं सोपं असतं. खरंच. त्यासाठी लोकांकडे पैसे मागणं मात्र सॉलिड अवघड.

जानेवारी २०२५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये मी हाफला नाव टाकलं. वर मोठ्या उत्साहात, लहान मुलांच्या हार्ट सर्जरीचा खर्च उचलणाऱ्या एका संस्थेसाठी फंडरेझिंगही अंगावर घेतलं. २००४ साली ही मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पळतात. पेज बनवायचं, लिंक फिरवायची, झालं. असं मला वाटलं होतं.

पेजवर एक रिकामी चौकट असते. तुम्ही याच कारणासाठी का पळताय? मी मासकॉमवाली, पाच मिनिटांत दीडशे शब्द पाडले. ‘प्रत्येक चिमुकल्या हृदयाला धडधडण्याचा हक्क आहे’ वगैरे. (आता वाचवत नाही.) तीन आठवड्यांत जमले साडेसात हजार, त्यातले दोन माझेच. एका एक्स-कलीगने कळवलं, “न्यू टॅक्स रेजिममध्ये आहे गं, ८०जीचा काही उपयोग नाही.” प्रामाणिक माणूस. बाकीच्यांनी नुसते टाळ्यांचे इमोजी पाठवले.

खरं कारण त्या चौकटीत नव्हतंच. ते माझ्या छातीवर आहे. गळ्याच्या खाली सुरू होऊन सरळ उतरणारी एक पांढरट रेघ.

२००३ साली मी पहिलीत होते. शाळेतल्या हेल्थ चेकअपमध्ये डॉक्टरांना ‘मर्मर’ ऐकू आला. टूडी इको झाला. एएसडी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. डावीकडचं शुद्ध रक्त त्यातून उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसांत जातं. उजवी बाजू उगाचच डबल ड्युटी करत राहते. मला काहीच त्रास नव्हता, आणि हीच त्यातली गोची. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, मग हृदय थकायला लागतं. आता अशी बरीच भोकं मांडीतल्या शिरेतून छोटंसं डिव्हाइस नेऊन बंद करतात. माझं भोक त्यात बसणारं नव्हतं. छाती उघडावी लागली.

एस्टिमेट होतं एक लाख दहा हजारांचं. बाबा तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. रेशनकार्ड केशरी, म्हणजे कागदावर गरीब नाही आणि ऑपरेशनपुरते श्रीमंतही नाही.

हे आकडे मला अगदी आत्ता कळले. ऑपरेशन हा विषय आमच्या घरात बंदच होता. बंद गळ्याचे कुर्ते, पीटीला बाहेर, पोहायला अजिबात नाही. “लग्न व्हायचंय तुझं, जगाला सांगत सुटू नकोस,” हे आईचं पालुपद. पण पळायची परवानगी देण्याआधी कार्डिओलॉजिस्टनी इको आणि स्ट्रेस टेस्टबरोबर जुने कागदही मागितले. बाबांनी माळ्यावरून एक निळी प्लॅस्टिकची फाइल काढली.

त्यात एस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, दोन वेण्यांमधली मी. आणि शेवटी बाबांच्या अक्षरात यादी. तारीख, ट्रस्ट, रक्कम. पाच हजार. दोन हजार. ‘गुरुवारी या.’ ‘साहेब नाहीत.’ पुन्हा पाच हजार. अकरा ठिकाणं. रजा टाकून, डोंबिवलीहून सीएसटी गाठून, एकेक पायरी चढलेली. आणि ऑफिसमध्ये साधी पगारवाढ मागायची तर हा माणूस आठ दिवस झोपायचा नाही.

“बाबा, कसं मागितलंत तुम्ही?”

“आधी पाणी मागायचो,” ते म्हणाले. “पाणी दिलं की माणूस दोन मिनिटं ऐकून घेतो.”

त्या रात्री मी चौकटीतलं सगळं डिलीट केलं. टार्गेट केलं एक लाख दहा हजार, आणि जे होतं ते लिहिलं. आईला आधी वाचून दाखवलं. “स्थळं बघतोय ना आपण तुझ्यासाठी?” एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. मी तरी पोस्ट केलं. हात थरथरत होते. संध्याकाळपर्यंत बावीस हजार झाले. शाळेत दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीने लिहिलं, “तू पीटीला बाहेर का बसायचीस, ते आज कळलं.” पुण्याचं एक स्थळ त्याच आठवड्यात थंडावलं. पत्रिकेचं कारण दिलं. असेल बुवा.

रेसच्या आदल्या रात्री पेजवर एक लाख चार हजार होते.

पहाटे माहीमहून सुटलो तेव्हा काळोख होता. सी लिंकवर एरवी चालायला सोडा, बाइक न्यायलाही बंदी. त्या दिवशी तिथे फक्त बुटांचा आवाज. पेडर रोडच्या चढावर वाट लागली. घड्याळात ठोके १७८. लहानपणापासून धडधडलं की मी मुकाट बसून घेत आले. त्या दिवशी घड्याळ उलटं फिरवलं आणि चढत राहिले.

मरीन ड्राइव्हवर चर्चगेटच्या अलीकडे आई-बाबा उभे होते. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे आईच्या हातात तिळाच्या लाडवांचा डबा. शेजारच्या अनोळखी बाईंना ती मोठ्याने सांगत होती, “सहा वर्षांची होती तेव्हा ऑपरेशन झालंय हिचं. हार्टचं.” बाबा त्या बाईंच्या मोबाइलवर लिंक उघडून देत होते. त्यांच्या दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. ती आमच्या घरची नव्हती.

मी थांबले. आईने लाडू तोंडात कोंबला आणि पाठीत धपका घातला.

“थांबतेस काय? पळ. टाइम जातोय तुझा.”