शॉकअप रडतोय!

मंडळी, सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व आणि दीर्घ हे दोघे भाऊ मला आजही सारखेच दिसतात, तेव्हा शुद्धलेखनाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील घरी कसं बदलतात, हे मला इंग्रजीत लिहायला जमणार नाही. ते काम मी अंगणात, बाबांच्या शेजारी उकिडवं बसून केलंय, आणि तेही मराठीत.

गाडी म्हणजे बाबांची २००८ ची हिरो होंडा. कंपनीचं नाव २०११ मध्ये बदललं, आमच्या टाकीवर अजून जुनंच आहे. बाबा पिग्मी एजंट. चिपळूणहून निघायचं आणि शिरगाव, अलोरे, पोफळी असं दुकानादुकानात फिरून दहा-वीस रुपये गोळा करायचे. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचं कमिशन गेलं!

वर्षभरात गॅरेजमध्ये सील दोनदा बदलून झालं होतं. दोन्ही वेळा तीन महिन्यांच्या आत पाईपवर तेलाची रिंग, मग खाली ओघळ... आणि ओघळ नेमका ब्रेकच्या ड्रमच्या बाजूचा. तेल आत लायनरला लागलं की पुढचा ब्रेक धरत नाही. बाबा ज्या रस्त्याने जातात तिथे पावसात हे परवडणारं नाही. गॅरेजवाले म्हणाले, "सील डुप्लिकेट आलं असेल." बाबा म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना म्हणजे माझी हॉस्टेलची फी भरून झाल्यावर, एवढं मला कळतं. म्हणून सुट्टीत मीच म्हटलं, "बाबा, शनिवारी संध्याकाळी उघडूया. रविवारी तुमचं कलेक्शन नसतं."

गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ओंडका, चाक आणि मडगार्ड बाहेर. इथे एक युक्ती आहे. वरचा बोल्ट आणि तळाचा ॲलन बोल्ट शॉकअप गाडीवर असतानाच ढिले करून घ्यायचे. आत स्प्रिंग दाबलेली असते, तिच्या जोरामुळे आतली दांडी तळाच्या बोल्टबरोबर गरगर फिरत नाही. नंतर हेच करायला गेलं तर घाम निघतो. आमच्या शॉकअपमधून निघालेलं तेल करड्या रंगाचं होतं, भांड्याच्या तळाशी गाळ. वरची धुळीची टोपी काढली, लॉक काढलं, सील उचकटलं.

सील बघून मी थोडी गोंधळलेच. ओठ फाटला होता, पण रबर नवीन होतं. मशीन डिझाइनला आपण ऑइल सील शिकतो. रबराचा पातळ ओठ, त्याला पाईपवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. ओठ आणि पाईप यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर राहतो, तो ओठाला झिजू देत नाही. पाईप गुळगुळीत असेल तोवर हे सगळं ठीक. मग नवं सील कोणी फाडलं?

पाईपवर नख फिरवलं. काही लागेना. मग शाळेच्या गॅदरिंगचे जुने नायलॉनचे मोजे आणले आणि पाईपवरून सरकवले. आजी दारातून, "अगो, गाडीला मोजे घालतेस की काय?" आणि मोजा अडकला! एका जागी नाही, चार जागी. बॅटरी मारून पाहिलं तर क्रोमला खसखशीच्या दाण्याएवढे गंजाचे खड्डे.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुराचं आहे हे."

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा ही गाडी अंगणात रात्रभर बुडून होती. नंतर आम्ही इंजिन उघडून घेतलं, कार्बोरेटर धुतला, सीट उन्हात ठेवली. शॉकअप बाहेरून पुसला की झालं, असंच सगळ्यांना वाटलं. पण धुळीच्या टोपीखाली चिखल राहिला, त्याने ओल धरली आणि क्रोम आतून खाल्लं. गाडी खड्ड्यातून गेली की ती खरखरीत जागा सीलच्या ओठावरून वर-खाली, कानशीसारखी. गॅरेजचं सील डुप्लिकेट नव्हतंच बहुतेक!

खरा उपाय नवे पाईप. तात्पुरता उपाय आम्ही केला. गंज खरवडला, पेट्रोलने पुसून खड्ड्यांत एरल्डाइट भरलं, रात्रभर सुकू दिलं. सकाळी १००० आणि मग १५०० नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून, मोजा कुठेही अडेना इतकं घासलं. घासायचं काम बाबांनी माझ्या हातून काढून घेतलं, "तुझे हात परीक्षेत लिहायला ठेव" म्हणून. नवं सील तेलात बुडवून, त्याची स्प्रिंगची बाजू खाली, वर जुनं सील ठेवून पीव्हीसी पाईपच्या तुकड्याने ठोकत बसवलं. तेल दोन्ही बाजूंना औषधाच्या मापाने सारखं मोजून घातलं. चार वाजता चाक लागलं. बाबांनी हँडल दाबून दहा-बारा वेळा उठाबशा काढायला लावल्या, मग पाईपवर बोट फिरवून बघितलं. कोरडं.

एरल्डाइट किती दिवस टिकेल याची खात्री मी देत नाही, बाबांनाही दिलेली नाही. रोज संध्याकाळी ते रुमालाने पाईप पुसतात आणि मला फोनवर फक्त "कोरडं" एवढंच सांगतात. मागच्या आठवड्यात मात्र त्यांच्या पिग्मीच्या यादीत एक नवं खातं दिसलं, स्वतःच्याच नावाचं. रोजचे वीस रुपये. पुढे पेन्सिलने लिहिलंय, 'पाईप, दोन नग'.