लंडनचे विमान : स्वस्त कोणते, सोयीचे कोणते?

मुंबईहून लंडनला जाणारी आपली माणसे आता पुष्कळ वाढली आहेत. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, कोणाची मुलगी इस्पितळात परिचारिका आहे. कोणी बाबासाहेब १९२१-२२ साली राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहण्यासाठी पैसे साठवून निघतात. तिकीट बहुधा इकॉनॉमी वर्गाचेच असते. मग घरात चर्चा सुरू होते, कोणत्या कंपनीचे विमान बरे? आम्ही उभयता थेट विमानानेही गेलो आहोत आणि दुबईला विमान बदलूनही गेलो आहोत. त्यावरून काही गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

मुंबईहून लंडनच्या हिथ्रो विमानतळावर एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक थेट नेतात. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ साधारण नऊ ते दहा तास. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा एअर इंडियाला वळसा घ्यावा लागून तिचा प्रवास लांबला. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येकीचा वेळ ताडून पाहावा.

दुसरा मार्ग आखातातून. एमिरेट्स दुबईला, कतार एअरवेज दोह्याला, एतिहाद अबुधाबीला उतरवून दुसऱ्या विमानात बसवते. दुबईपर्यंत तीन तासांहून थोडे अधिक, पुढे लंडनपर्यंत सात तासांहून अधिक आणि मधला थांबा वेगळा. भाडे पुष्कळदा कमी असते, हे खरे. परंतु युद्धाची झळ लागली की हा मार्ग अडतो. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तास आपले आकाश बंद केले आणि दोह्याची विमाने भलतीकडे वळवावी लागली.

खुर्चीचे म्हणाल तर कंपनीच्या नावापेक्षा विमानाचा प्रकार पाहावा. बोइंग ७८७ मध्ये एका रांगेत तीन-तीन-तीन अशा नऊ खुर्च्या असतात. एमिरेट्सच्या बोइंग ७७७ मध्ये तीन-चार-तीन अशा दहा. दोन्हीकडे खुर्चीची रुंदी सतरा इंचांच्या आसपास. एअरबस ए-३८० या दुमजली विमानात ती सुमारे अठरा इंच मिळते. एका इंचाने काय होते, असे वाटेल, पण शेजारी धिप्पाड माणूस आला की त्या इंचाची किंमत कळते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत आतल्या हवेचा दाब जुन्या विमानांपेक्षा जमिनीवरच्या दाबाला जवळचा ठेवतात. त्यामुळे थकवा कमी जाणवतो.

आता सामान. काही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त तिकिटात पोटातली बॅग धरलेलीच नसते. ती नंतर घेतली की स्वस्ताई संपते. हातातल्या बॅगेला एअर इंडिया आणि एमिरेट्स सात किलोची मर्यादा घालतात. ब्रिटिश एअरवेज तेवीस किलोपर्यंत चालवून घेते, मात्र ती बॅग आपली आपल्याला वर ठेवता आली पाहिजे. खुर्ची निवडण्याचेही पैसे पडतात. न दिल्यास नवरा-बायको दोन टोकांना बसू शकतात. जेवणात नुसते ‘शाकाहारी’ लिहिले तर उकडलेल्या भाज्या येण्याचा संभव. भारतीय चवीचे हवे असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ अशी नोंद निदान एक दिवस आधी करावी.

एक हक्काची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे तिथून निघणारे कोणत्याही कंपनीचे विमान, तसेच ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीचे ब्रिटनला जाणारे विमान कंपनीच्या दोषामुळे फार उशिरा पोहोचले, तर भरपाई मिळते. मुंबई-लंडनइतक्या अंतराला चार तासांहून अधिक उशीर झाल्यास ती ५२० पौंड आहे. म्हणजे जाताना एअर इंडियाला हा नियम लागू नाही, पण येताना आहे. बॅग फुटली तर विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यावी. कंपनीकडे दावा करण्याची मुदत सात दिवसांची असते.

हे सगळे खरे, पण तुलना करताना खुर्चीत कोण बसणार हे आधी पाहावे. दुबईच्या विमानतळावर आम्हाला नऊवारीतल्या एक आजी भेटल्या. हातात बोर्डिंग पास होता, पण गेट कुठे हे कोणाला विचारावे, ते कळत नव्हते. आमचे मराठी ऐकताच त्यांनी आमच्या मंडळींचा हात धरला आणि गेटपर्यंत सोडला नाही. वाटेत एवढेच म्हणाल्या, “पोराने पैसे वाचवले गं, पण माझा जीव टांगणीला लागला.”

तरुण मुलामुलींनी खुशाल आखातातून जावे. दोन-पाच हजार वाचले तर पुस्तकांना होतील. मात्र दोन्ही विमानांचे तिकीट एकच असावे. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढच्याची जबाबदारी कोणी घेत नाही. आईवडील पहिल्यांदाच निघाले असतील तर त्यांना थेट विमानातच बसवावे. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मदत नोंदवावी आणि वाटेकडेची जागा घ्यावी, म्हणजे अधूनमधून उठून पाय मोकळे करता येतील. आणायला जाणाऱ्याने हिथ्रोवर कोणत्या टर्मिनलवर उभे राहायचे, हे दोन दिवस आधी पक्के करावे. आयुष्यभर बसच्या दांड्याला लोंबकळून ज्यांनी मुलांना शिकवले, त्यांच्या या एका प्रवासात काटकसर नको.