कोपरगावी एक यंत्र येणार आहे

कोपरगाव पाहायचे म्हणून कोणी कोपरगावास जात नाही. दौंड-मनमाड मार्गावरचे हे स्टेशन शिर्डीच्या यात्रेकरूंनी वर्षानुवर्षे गाडीतून उतरण्यापुरतेच वापरले. उतरायचे, मिळेल त्या वाहनाने पंधरा किलोमीटरांवरची शिर्डी गाठायची, दर्शन घ्यायचे आणि परतीच्या गाडीची चौकशी करीत पुन्हा फलाटावर यायचे. २००९ साली शिर्डीला स्वतःचे स्टेशन झाले. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून शिर्डीपर्यंत समृद्धी महामार्ग खुला झाला. तेव्हापासून उतरण्यापुरती येणारी मंडळीही कमी झाली. गोदावरीला याचे काही सुखदुःख असावेसे दिसत नाही. तिने याहून मोठी माणसे येऊन गेलेली पाहिली आहेत. ज्यांच्या स्वारीत मराठी फौजा १७५८ साली अटकेला पोचल्या ते राघोबादादा थकूनभागून याच गावी आले आणि १७८३ साली येथेच वारले. त्यांचा वाडा गावात आहे. तो पाहताना अटक काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मी कोपरगावास जातो तो मामांकडे. गेल्या दिवाळीच्या सुमारास गेलो तो मात्र कामगिरीवर. पुण्याहून मामेबहिणीचा फोन आला होता, “दादा, बाबांनी दीडदोन लाखांचं सीडीचं यंत्र घ्यायचं मनात घेतलंय. फंडाचे पैसे मोडणार म्हणतात. तुझं ऐकतील. जाऊन ये.”

दिवाळीचे दिवस म्हणजे या तालुक्यात गाळपाच्या तयारीचे दिवस. नांदूर-मधमेश्वराहून गोदावरीचे कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसामागून कारखाने. साकरवाडीला सोमैयांचा, कोळपेवाडीला सहकारी, आणि ‘संजीवनी’. बीड-पाथर्डीकडून आलेल्या तोडणीवाल्यांच्या कोप्या रस्त्याकडेला उभ्या राहतात, टायरच्या बैलगाड्यांची रांग लागते, आणि एकदा बॉयलर पेटला की मळीचा तो आंबूस-गोड वास पार उन्हाळ्यापर्यंत कपड्यांतून जात नाही. पाहुण्याला तो नकोसा होतो. मामांना तो नसला तर चुकल्यासारखे होते. तालुक्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस हंगाम काढले आहेत.

‘संजीवनी’ हे नाव या गावाने उगाच घेतलेले नाही. नदीकाठचा बेट नावाचा भाग म्हणजे दैत्यगुरू शुक्राचार्यांचा आश्रम, अशी इथली परंपरा. तिथे शुक्राचार्यांचे मंदिर आहे, कचेश्वरही आहे. मेलेल्याला उठवणारी विद्या शुक्राचार्यांपाशी होती. ती शिकायला देवांनी बृहस्पतीचा मुलगा कच याला पाठवले. दैत्यांनी त्याला दोनदा मारले आणि देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्यांनी त्याला दोनदा उठवले. तिसऱ्या खेपेस दैत्यांनी त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजली. आता शिष्य उठवावा तर गुरूचे पोट फाटते. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या कचालाच विद्या शिकवली. तो बाहेर आला, गुरू मेले, आणि शिष्याने नुकत्याच शिकलेल्या मंत्राने गुरूंना उठवले. या घोटाळ्याला मद्य कारण झाले म्हणून शुक्राचार्यांनी मद्याला शाप दिला. त्याच गोदावरीकाठी आज मळीपासून अल्कोहोल काढणारे कारखाने आहेत. शुक्राचार्यांनी हे कसे घेतले असेल कोण जाणे!

याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘संगीत विद्याहरण’ लिहिले. १९१३ साली ते रंगभूमीवर आले आणि बालगंधर्व देवयानी झाले. त्यातली पदे पुढे तबकड्यांवरून घरोघर गेली. लाखेच्या त्या काळ्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेत, आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. कोपरगावकर हे नाटक आपल्याच गावचे समजतात. मामीही समजत. त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात दरसाल देवयानीचे एखादे पद म्हणत. २००३ च्या गणपतीत फोटो स्टुडिओवाल्याने तो कार्यक्रम चित्रित करून त्याची व्हीसीडी करून दिली. मामी २०१६ साली गेल्या.

मामांच्या मनातल्या यंत्राचे मूळ हे होते. पुण्यात बसून मामेबहिणीला ते ठाऊक नव्हते, आणि मामांनी आपण होऊन सांगितलेही नव्हते. मी पोचलो तेव्हा त्यांनी चहाच्या आधी कपाटच उघडले. आत शेदीडशे तबकड्या. शिर्डीच्या दुकानांतली आरत्यांची, काही कीर्तनांची, नाट्यसंगीताची, आणि मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास तीस-चाळीस रुपयांना काढलेल्या सिनेमांची. त्या कंपनीचेही पुढे दिवाळे निघाले. सर्वांत जाड चळत होती ती लग्नांची. बेटातल्या मंदिरात लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही अशी समजूत आहे, त्यामुळे साऱ्या नात्यातली अडलेली लग्ने इथे उरकली, आणि प्रत्येक लग्नाच्या तीन-तीन तबकड्या मामांच्या कपाटात साठल्या. तीन का, तर व्हीसीडीत ऐंशी मिनिटांच्या वर काही मावत नाही, आणि आपल्याकडचे लग्न ऐंशी मिनिटांत कधी झाले आहे?

“मामा, हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेता येईल. पेनड्राइव्हवर बसेल,” मी कामगिरीला हात घातला.

“उतरवलंय. हे बघ.” त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. “सगळं आलं, एक सोडून. तुझ्या मामीचं पद येत नाही. तेवढ्यावर मशीन अडतं, घरघरतं आणि गप्प बसतं.”

असे का होते, ते त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या माणसाच्या शांतपणाने समजावून दिले. जुनी लाखेची तबकडी बाहेरून आत वाजत जाते, ही नवी चकचकीत तबकडी आतून बाहेर. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी एकच चक्राकार वाट असते. ती उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. कारखान्यात छापलेल्या तबकडीवर त्या वाटेत बारीक खळगे असतात. स्टुडिओवाल्याने घरी भाजलेल्या तबकडीवर खळगे नसतात, रंगाच्या थरावर लेसरने उठवलेले डाग असतात, आणि तो रंग उन्हाने आणि वर्षांनी विटतो. कार्यक्रमात मामींचे पद शेवटचे. म्हणजे ते तबकडीच्या कडेला, जिथे सर्वांत जास्त बोटे लागतात तिथे. वीस वर्षे ज्याने त्याने ती तबकडी प्रेमाने कडेला धरूनच उचलली होती!

“सीडीवर ओरखडा पडला तर चुका दुरुस्त करायचं गणित आतच असतं. अडीच मिलिमीटरांपर्यंतची खिंडार ते भरून काढतं,” मामा म्हणाले. “व्हीसीडीत चित्र आहे तिथे त्या गणिताचा एक पदर कमी. मग यंत्राची नजर चांगली पाहिजे.”

नजर म्हणजे लेसर. सीडीला तांबडा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा, ७८० नॅनोमीटर लहरीचा. डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला निळा-जांभळा ४०५. लहर जितकी आखूड तितकी वाट बारीक वाचता येते, म्हणून त्याच बारा सेंटीमीटरांच्या तबकडीत पूर्वी सातशे मेगाबाइट मावत, तिथे आता शंभर गिगाबाइट मावतात. उंची यंत्रात हे तिन्ही डोळे असतात. मामांना यात परके असे काही वाटत नाही. उसाच्या रसात साखर किती, हे त्यांनी जन्मभर उजेडानेच मोजले. ध्रुवित प्रकाश रसातून सोडायचा, साखर त्याला किती वळवते ते पाहायचे. तबकडीवरून परतलेला प्रकाश वेगळा काढायला पुष्कळ यंत्रांत ध्रुवणाचीच युक्ती असते, हे सांगताना त्यांचा चेहरा जुना सहकारी भेटल्यासारखा फुलला.

पण अशी यंत्रे करणारेच आता उठून चालले आहेत. ज्यांचे नाव या बाबतीत आदराने घेतले जाई त्या ओप्पो कंपनीने २०१८ साली ब्लू-रेची यंत्रे बंद केली. पुढच्याच वर्षी सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारासाठी नवी यंत्रे काढणे थांबवले. पॅनासॉनिकसारखे थोडे टिकून आहेत, एकदोन नवी नावेही आली आहेत. अशाच एका कंपनीचे नवे यंत्र येणार असल्याची बातमी मामांनी कुठेतरी वाचली, आणि तेव्हापासून ते पाहुण्याची वाट पाहावी तशी त्याची वाट पाहत होते. त्याची गुणावळ त्यांना पाठ होती. जाड पत्र्याची पेटी, आवाजासाठी वेगळा आणि यंत्रासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, सीडी, एसएसीडी, डीव्हीडी, ४के. शिवाय पाठीमागे तांबडी-पांढरी जुनी भोके, म्हणजे त्यांचा १९८६ सालचा अँप्लिफायर अडगळीत टाकायला नको. स्वस्त यंत्राच्या पाठीला हल्ली एकच भोक असते आणि ते टीव्हीसाठी असते.

मला विचाराल तर या गुणावळीतले निम्मे मामांच्या उपयोगाचे नव्हते. ४के चित्र दाखवणारा टीव्ही त्यांच्या घरी नाही, एसएसीडी त्यांनी आयुष्यात एकही विकत घेतलेली नाही. आणि मुख्य गोष्ट यादीत मुळीच नव्हती.

“व्हीसीडी चालेल असं कुठे लिहिलंय?” मी विचारले.

मामा थांबले. त्यांनी चष्मा पुसला. “तेच कुठे लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

पुष्कळ नव्या यंत्रांच्या जाहिरातीत व्हीसीडीचे नाव नसते. यंत्र पुढे काय दाखवणार ते सारे सांगतात, मागचे काय काय ओळखणार हे सांगायचे कोणाला सुचत नाही. माझ्या लेखी दोन लाखांच्या यंत्राची पहिली परीक्षा ही, की वीस वर्षांपूर्वी कोपरगावच्या स्टुडिओत पंचवीस रुपयांत भाजलेली तबकडी ते वाचते की नाही. वाचत नसेल तर त्याचे दोन ट्रान्सफॉर्मर त्याच्यापाशीच राहोत.

मी मामांना म्हटले, “फंड मोडण्याआधी जुने ड्राइव्ह तपासू. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं.” ते म्हणाले, चार झाले. आम्ही पाचवा शोधायला बाजारात गेलो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने भंगारातून २००५-०६ चा एक ड्राइव्ह काढला, धूळ फुंकली आणि तबकडी आत सरकवली. अर्धा तास घरघर चालली. शेवटी पेटीचा सूर आला, तबल्याची थाप आली, पडद्यावर हिरव्या-जांभळ्या चौकटी नाचल्या, आणि त्या चौकटींमागून मामींचा आवाज आला. मोजून अकरा सेकंद. मग पुन्हा घरघर.

पोरगा म्हणाला, “काका, डाग पुसला नाही अजून. चांगली लेन्स असली तर पुढचं पण येईल, पण गॅरंटी नाही.” मामांनी त्याला पैसे विचारले. त्याने घेतले नाहीत.

रात्री मी पुण्याला फोन केला. मामेबहीण बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “अकरा सेकंदांत कुठली ओळ आली?” मी सांगितली. “त्याच्या पुढे तान आहे,” ती म्हणाली. फंडाचे नाव तिने पुन्हा काढले नाही, मात्र चिठ्ठी आधी लिहा म्हणाली.

ती चिठ्ठी मामांनी दुसऱ्या दिवशी लिहिली, मी तिचे इंग्रजी केले आणि कंपनीला पाठवली. दोनच प्रश्न. तुमचे यंत्र व्हीसीडी वाचते काय? घरी भाजलेली, कडेला विटलेली वाचते काय? खाली सही, हुद्दा ‘निवृत्त रसायनतज्ज्ञ’. उत्तर अद्याप आलेले नाही. सुताराने मात्र कपाटाचा वरचा कप्पा चार बोटे खोल करून दिला आहे, आणि तबकडी आता मामा कडेला न धरता मधल्या भोकात बोट घालून उचलतात.